‘व्हिडिओ पायरेट’ ही संज्ञा आणि फेरफार केलेल्या बॉक्सची विक्री

दूरचित्रवाणी संचास जोडून आंतरजालावरील चित्रपट दाखविणारा बॉक्स विकणे हा स्वतः गुन्हा नव्हे. विक्रेत्याने त्यात अनधिकृत प्रक्षेपणांकडे नेणारी ॲप आधीच भरून दिली, म्हणजे मात्र प्रश्न पालटतो. पिंपरी, भोसरी व चाकण या औद्योगिक पट्ट्यात देशाच्या नाना प्रांतांतून आलेला कामगारवर्ग राहतो. आपापल्या भाषेतील वाहिन्या स्वल्प खर्चात पाहण्याची त्याची इच्छा स्वाभाविकच आहे. ती पुरविणाऱ्या लहान दुकानदारावर कोणते उत्तरदायित्व येते, याचा निर्णय पुष्कळसा शब्दार्थावर अवलंबून आहे.

१९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे कलम ६३ जाणूनबुजून भंग करणारा आणि त्यास अपप्रेरणा देणारा, या दोघांनाही सारखेच दोषी धरते. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षे कारावासाची व ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची आहे. हा अपराध दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. येथे ‘अपप्रेरणा’ हा शब्द वाचकास चकवितो. व्युत्पत्तीने पाहता त्यात चिथावणीचा भाव आहे, आणि आपण कोणास चिथाविले नाही असे दुकानदार प्रामाणिकपणे म्हणू शकेल. परंतु फौजदारी कायद्यातील या संज्ञेत हेतुपुरस्सर केलेले साहाय्यही येते. शब्द बेतणाऱ्याने संज्ञेचा अर्धाच अर्थ मराठीत आणला, असे म्हणावे लागते.

२०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ तांत्रिक संरक्षणास बगल देण्याविषयी आहे. त्याचा कर्ता म्हणजे प्रत्यक्ष बगल देणारा मनुष्य. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने अशा साधनांच्या व्यापारावर जशी स्वतंत्र बंदी घातली, तशी ती येथे नाही. त्यामुळे केवळ ॲप भरून देणारा या कलमाच्या कक्षेत येतोच असे नव्हे. कलम ६३ मात्र त्यामुळे टळत नाही.

महाराष्ट्रातील विशेष भाग याहून निराळा आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींना स्थानबद्ध करण्याविषयीच्या १९८१ च्या राज्य अधिनियमात २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरेट’ समाविष्ट झाले. स्थानबद्धता खटल्याविना, कमाल १ वर्षाची. मराठी नावात या वर्गास ‘दृक्श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’ असे म्हटले आहे. या शब्दसमूहास व्हिडिओगृहांच्या काळाचा वास येतो. इंग्रजी संज्ञा चोरीकडे बोट दाखविते, मराठी संज्ञा प्रदर्शनाकडे. आणि बॉक्स विकणारा तर काहीच प्रदर्शित करीत नाही. मग मराठी नावाच्या आधारे तो सुटेल काय? संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) नुसार राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हाच अधिनियमाचा प्राधिकृत पाठ मानला जातो. यास्तव मराठी शब्दयोजनेवर फार भिस्त ठेवता येत नाही. त्याचा खरा आधार अन्यत्र आहे: स्थानबद्धतेसाठी सार्वजनिक सुव्यवस्थेस बाध यावा लागतो, आणि एखाद्या गाळ्यातील किरकोळ विक्रीने तो आला हे दाखविणे सोपे नाही. चाकणही ज्याच्या हद्दीत येते ते पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय २०१८ मध्ये सुरू झाले. तेथे असा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यास हा भेद विचारात घ्यावा लागेल.

राहता राहिला ‘जाणूनबुजून’ हा शब्द. २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने नेदरलँड्समधील एका विक्रेत्याविरुद्ध निर्णय देताना, असे साधन विकणे म्हणजेच कृती ‘जनतेपर्यंत पोहोचविणे’ होय, असे ठरविले. त्याची जाणीव सिद्ध झाली ती त्याच्याच जाहिरातींतून. तो निर्णय भारतीय न्यायालयांस बंधनकारक नाही. तथापि दुकानाच्या फलकावर ‘सर्व वाहिन्या, सर्व नवे चित्रपट, आयुष्यभर फुकट’ असे लिहिणाऱ्या विक्रेत्यास आपणांस काही ठाऊक नव्हते, हे कोणत्या भाषेत सांगता येईल, हा प्रश्न उरतोच.