पन्नालाल घोष आणि बासरीचे सातवे छिद्र



आमच्याकडे फेस्त असो वा जत्रा असो, बांबूच्या टोपलीत बासऱ्यांचे भारे खोचून फिरणारा विक्रेता हटकून दिसतो. तो स्वतः मोठ्या सफाईने एखादे चित्रपटगीत वाजवितो. मुलाने घरी आणलेल्या बासरीतून मात्र नुसती फुंकर ऐकू येते! हे वाद्य दिसावयास जितके साधे, तितकेच वश होण्यास अवघड. सहा छिद्रांच्या या वेळूने ख्यालाच्या मैफलीत दीड-दोन तास एक राग मांडावा, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत फारशी कोणाच्या मनात आली नसावी. लोकगीते, नृत्य आणि नाटक-सिनेमांची साथ हेच तिचे क्षेत्र होते. तिला रागसंगीताच्या आसनावर बसविण्याचे श्रेय मुख्यत्वे पन्नालाल घोष यांना द्यावे लागते.

पन्नालालांचा जन्म १९११ साली, आज बांगलादेशात असलेल्या बारिसाल येथे झाला. पिता अक्षयकुमार हे सतारवादक. पुढे तबलावादक म्हणून नावाजलेले निखिल घोष हे त्यांचे धाकटे बंधू. तारुण्यात पन्नालालांना तालमीचा आणि मुष्टियुद्धाचा नाद होता. संगीताच्या चरित्रात हा तपशील अवांतर वाटेल. परंतु त्यांनी पुढे जी बासरी हाती धरली तिला भरपूर दम लागतो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या तालमीचे मोल कळते.

त्यांचे पहिले रीतसर गुरू खुशी महंमद खाँ हे हार्मोनियमवादक होते. हार्मोनियमवर मींड निघत नाही. तिचे सूर पायऱ्यांसारखे सुटे. (याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षे त्या पेटीला दार बंद केले होते.) अशा वाद्याच्या उस्तादापाशी शिकून, मींड हेच ज्याच्या वादनाचे वैभव, असा वादक तयार झाला, ही मौजेची गोष्ट होय. त्यानंतर त्यांनी गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्यापाशी शिक्षण घेतले. १९४० च्या सुमारास ते मुंबईस आले आणि चित्रपटसृष्टीत स्थिरावले. १९४२ च्या ‘बसंत’ चित्रपटाचे संगीत त्यांच्या नावावर आहे. पत्नी पारुल घोष या पार्श्वगायिका, तर मेहुणे अनिल विश्वास हे विख्यात संगीतकार. पोटापाण्याची विवंचना असण्याचे कारण नव्हते. तरीही १९४७ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, नामांकित झालेला हा कलावंत मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्यापुढे पुन्हा विद्यार्थी म्हणून बसला. शिक्षकाचा पेशा पत्करलेल्या मजसारख्यास त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो.

आता त्यांनी वाद्यात काय पालट केला ते पाहू. नळी जितकी लांब तितका तिचा स्वर खालचा, हा साधा नियम. आखूड बासरीचा आवाज टोचरा आणि उंच. त्यात ख्यालाचे गांभीर्य यावे कोठून? पन्नालालांनी सुमारे बत्तीस इंच लांबीची बासरी प्रचारात आणली. नळी लांबली की छिद्रांमधील अंतर वाढते. मग बोटांची टोके पुरत नाहीत. मधल्या पेरांनी छिद्रे झाकावी लागतात. शिवाय इतका लांब, सरळ, पातळ आणि मध्ये सांधा नसलेला वेळू मिळणेही दुर्घट. त्यांनी इतर पदार्थांच्या नळ्याही वापरून पाहिल्या. पण बांबूची सर कशालाच आली नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. नेहमीच्या बासरीवर वरची तीन छिद्रे झाकली की षड्ज निघतो. तेथून एकेक बोट उचलीत गेले की क्रमाने ऋषभ आणि गांधार लागतात, आणि सर्व छिद्रे मोकळी झाली की तीव्र मध्यम. त्याच्या लगतचा पंचम हवा असेल तर मात्र सहाही छिद्रे एकदम झाकून फुंकर वाढवावी लागते. म्हणजे दोन शेजारी स्वरांच्या मध्ये बोटांना केवढी उडी! गायक ज्या ठिकाणी तीव्र मध्यमावरून पंचमावर अलगद सरकतो, तेथेच बासरीचा धागा तुटत असे. पन्नालालांनी खालच्या बाजूस, ओळीपासून थोडे बाजूला, करंगळीसाठी सातवे छिद्र पाडले. सातही छिद्रे झाकून जोराने फुंकले की तोच तीव्र मध्यम मिळतो, आणि नुसती करंगळी हळूहळू उचलली की पंचम! उडीच्या जागी उतार आला. खर्जातही पंचमाखालचा तीव्र मध्यम हाती लागला. यमनासारख्या रागास याचा किती लाभ झाला असेल, हे जाणकारांस सांगावयास नको.

१९५६ साली ते दिल्ली आकाशवाणीवर राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक झाले. तेथे त्यांनी ‘कलिंगविजय’, ‘ऋतुराज’ यांसारख्या रचना बांधल्या. दीपावली, चंद्रमौळी, नूपुरध्वनी हे रागही त्यांनी रचले. परंतु २० एप्रिल १९६० रोजी हृदयविकाराने त्यांचे अकस्मात निधन झाले. पन्नाशीही गाठली नव्हती.

अशा वेळी विद्या गुरूबरोबर जाते की मागे उरते, हा प्रश्न असतो. ती उरली, कारण त्यांनी शिष्य घडविले होते. त्यांचे जावई देवेंद्र मुर्डेश्वर, व्ही. जी. कर्नाड, रघुनाथ सेठ ही त्यांतील काही नावे. मुर्डेश्वरांचे शिष्य नित्यानंद हळदीपूर. मुर्डेश्वर, कर्नाड, हळदीपूर! गोव्याच्या दक्षिणेस किनाऱ्याने जाणाऱ्या प्रवाशास ही गावे ओळखीची आहेत. बंगालच्या वेळूने पश्चिम किनाऱ्यावरील घराण्यांत असे मूळ धरले. या परंपरेत सातवे छिद्र टिकून आहे. हरिप्रसाद चौरसियांनी मात्र सहा छिद्रांवरच आपला स्वतंत्र मार्ग काढला. त्यांनी अल्लाउद्दीन खाँ यांच्या कन्या अन्नपूर्णादेवी यांच्यापाशी शिक्षण घेतले, तेव्हा दोन्ही प्रवाहांचा संबंध अखेर मैहरशीच पोहोचतो. सातव्या छिद्राची गरज आहे की नाही, यावर वादकांत मतभेद राहतील. श्रोत्याने पन्नालालांची ध्वनिमुद्रित यमन लावावी आणि मध्यमावरून पंचमाकडे जाणाऱ्या त्या जागेवर कान ठेवावा.