एका खोऱ्यातले दोन बाप

ढोकी स्टेशनातून धावणारी बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अॅलन पेटन यांच्या ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ या कादंबरीची सुरुवात परकी वाटणार नाही. तिथेही अरुंद रुळांवरची एक छोटी गाडी दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरांतून जाते. जमीन धुपलेली, ओढे आटलेले, गावात म्हातारीकोतारी आणि तरुण पोरे जोहान्सबर्गला. त्या शहराच्या जागी पुणे-मुंबई म्हटले, की ते गाव आपल्या मराठवाड्यातलेच वाटते.

त्या गाडीत स्टीफन कुमालो हा कृष्णवर्णीय पाद्री बसतो. शहरात गेलेल्या मुलाची, अॅब्सलमची, पत्रे येईनाशी झाली आहेत. मुलाच्या शिक्षणासाठी साठवलेला पैसाच त्याला शोधण्यासाठी मोडावा लागतो. मुलगा सापडतो तो तुरुंगात! चोरीसाठी शिरलेल्या घरात त्याने घाबरून गोळी झाडली आणि आर्थर जार्विस हा गोरा तरुण प्राणाला मुकला. आर्थरचे वडील जेम्स जार्विस कुमालोच्याच खोऱ्याच्या माथ्यावरचे बडे शेतकरी. दोघे शेजारी, पण कधी एकमेकांशी बोललेले नाहीत.

दोघांचे दुःख एका ठिकाणी जुळते. आपला मुलगा कोण होता, हे दोघांनाही तो हातचा गेल्यावर कळते. कृष्णवर्णीयांवरील अन्यायाविरुद्ध आर्थर लिहीत होता. त्याच्या अभ्यासिकेत बसून ते कागद वाचताना जार्विसना आपला मुलगा पहिल्यांदा भेटतो. ढोकीजवळच्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. नामात रंगलेल्या बापाला पायाखालचे लेकरू दिसले नाही. पण तिथे विठ्ठल लेकरू परत देतो. इथे कोणाचेच परत येत नाही.

पुढे दोघे अचानक समोरासमोर येतात. कुमालो थरथरत सत्य सांगतो. आपल्या मनात राग नाही, असे जार्विस म्हणतात. मग ते गावातल्या मुलांसाठी दूध पाठवतात, धरणाचे काम सुरू करतात, शेतीची माहिती देणारा जाणकार आणतात.

कादंबरी इथे गोड करून संपवता आली असती. परंतु तो तरुण कृष्णवर्णीय जाणकारच कुमालोला सुनावतो, की आम्हाला एवढीशी जमीन देणारे आणि गावातून शहरात नेणारे गोरेच होते. दुःख दोघांचे सारखे. पण एका बापाच्या हाती देणे आहे आणि दुसऱ्याच्या वाट्याला आभार मानणे. पाझर तलाव कोणाच्या शेतालगत आणि वस्ती कोणाची कोरडी, हे पाहिलेल्या आपल्या वाचकांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

पेटन स्वतः कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहाचे प्रमुख होते. कादंबरी 1948 साली आली आणि त्याच वर्षी तिथे वर्णभेदाचे धोरण राबवणारा पक्ष सत्तेवर आला. एका बापाच्या क्षमेने कायदे बदलत नाहीत.

शेवटी, फाशीच्या आदल्या दिवशी कुमालो एकटाच डोंगर चढू लागतो. वाटेत जार्विस भेटतात. दोन वाक्ये बोलून ते खाली जातात, हा वर. पहाट होते, तेव्हा तो एकटा असतो.

पुस्तक मिटल्यावर एक विचार मनातून जात नाही. शहरात गेलेल्या आपल्या मुलाला फोनवर आपण ‘जेवलास का?’ विचारतो. तो कशाच्या बाजूने उभा आहे, कशाला घाबरतो, हे कधी विचारले आहे का?