लो कुठून जाणार?

मध्य न्यू जर्सीतल्या आम्हा हवामानवेड्यांच्या तोंडी जानेवारी-फेब्रुवारीत एकच प्रश्न असतो : लो कुठून जाणार? लो म्हणजे कमी दाबाचं केंद्र. नॉर्थ कॅरोलायनातल्या केप हॅटरसच्या आसपास ते जोर धरतं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकतं. किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून झोडपतो, म्हणून वादळाचं नाव नॉरईस्टर. नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला, ४० अंश उत्तर आणि ७० अंश पश्चिम जिथे मिळतात, तिथे उघडा समुद्र आहे. पण आमच्या बोलण्यात त्या जागेला ‘बेंचमार्क’ म्हणतात. लो त्याच्या जवळून गेलं की न्यूयॉर्क ते बॉस्टन पट्ट्यात दणकून स्नो पडण्याची शक्यता. किनाऱ्याला चिकटून गेलं, तर समुद्रावरची ऊबदार हवा आत घुसते आणि आमच्याकडे नुसता पाऊस. फार बाहेरून गेलं, तर ढगाळ आकाश आणि बोचरा वारा, बाकी काही नाही. त्यातून आमची वस्ती आय-९५ महामार्गालगत, आणि पाऊस-बर्फाची सीमारेषा नेमकी याच रस्त्याच्या आगेमागे घुटमळते. एडिसनमध्ये रस्त्यावर पाणी वाहत असताना वायव्येच्या टेकड्यांत घोटाभर बर्फ साचलेला, हे इथल्या मराठी घरांच्याही चांगलं ओळखीचं झालं आहे.

आमच्या मंडळींत एक निवृत्त विज्ञानशिक्षक आहेत. सहा दिवस आधी रंगीत स्नो-नकाशा कोणी दाखवला, तर ते बघतही नाहीत. आधी वरचा नकाशा उघडायचा, म्हणजे साडेपाच किलोमीटर उंचीवरचा, ५०० मिलीबारचा. तिथे कॅनडातून खाली उतरणारी एक लाट दिसते आणि दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखाताची ओल घेऊन येणारी दुसरी. या दोघी वेळेवर एकत्र आल्या, तर खाली किनाऱ्यावर दाब भराभर कोसळतो. चोवीस तासांत साधारण २४ मिलीबार किंवा त्याहून जास्त घसरला तर त्याला ‘बॉम्ब’ म्हणतात. फ्रेड सँडर्स आणि जॉन ग्याकम यांनी १९८० मध्ये हा शब्द शास्त्रात रूढ केला. दोघींपैकी एक सहा तास उशिरा पोचली, तर लो निसटून समुद्रात जातं. शिक्षक पडद्यावर बोट ठेवून एवढंच विचारतात, “ही कुठे आहे आत्ता?” पुष्कळदा ‘ही’ अजून पॅसिफिकवरच असते. जमिनीवर ठरावीक अंतराने हवामानाचे फुगे सोडतात, समुद्रावर तशी सोय नाही. उपग्रह असतात, कधी विमानं जाऊन उपकरणं टाकतात, तरी लाट पश्चिम किनाऱ्यावर चढून फुग्यांच्या जाळ्यात येईपर्यंत शिक्षक कोणालाच शब्द देत नाहीत.

मग सुरू होतात मॉडेलचे रन, म्हणजे संगणकावरच्या अंदाजांच्या फेऱ्या. अमेरिकन जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं. त्यातला रात्रीचा रन साडेदहाच्या सुमारास हाती यायला लागतो. युरोपियन मॉडेल, सगळ्यांचा लाडका ‘युरो’, यायला मध्यरात्र उलटते. त्या आठवड्यात आमच्या घरांतले दिवे उशिरापर्यंत जळतात. शेजारचा सातवीतला मुलगा आईची नजर चुकवून फोन करतो.

“काका, युरो आला?”

“आला. किनाऱ्याला फार चिकटलाय.”

“म्हणजे पाऊस? शाळा आहे?”

“एका रनवरून ठरत नसतं, बाळा. झोप आता.”

त्याला जे सांगतो, तेच स्वतःला सांगणं जास्त कठीण असतं. हव्या त्या रनवर विश्वास ठेवायचा आणि नको तो बिघडलेला मानायचा, हा या छंदातला सगळ्यात मोठा मोह. त्यावर उतारा म्हणजे एन्सेम्बल. सुरुवातीच्या आकड्यांत थोडाथोडा फरक करून युरो तोच अंदाज पन्नास वेळा पुन्हा चालवतो. नकाशावर लोचे पन्नास ठिपके पडतात. ते एका जागी दाटले तर भरवसा वाढतो. हॅटरसपासून बर्म्युडापर्यंत विखुरले तर गप्प बसावं. मला स्वतःला हे विखुरलेले ठिपकेच सगळ्यात प्रामाणिक वाटतात. आपल्याला किती कळलं नाही, हे ते नकाशावर मांडून दाखवतात.

जुन्या मंडळींच्या बोलण्यात दोन वादळं हटकून येतात. डिसेंबर २०१० मध्ये मॉडेलांनी आधी वादळ दाखवलं, मग समुद्रात ढकललं आणि नाताळच्या तोंडावर परत किनाऱ्याशी आणलं. सेंट्रल पार्कमध्ये २० इंच बर्फ पडला, न्यू जर्सीत काही ठिकाणी त्याहून बराच जास्त. जानेवारी २०१५ मध्ये उलट झालं. न्यूयॉर्कला दोन फुटांचा इशारा होता, बर्फासाठी म्हणून सबवे इतिहासात पहिल्यांदा बंद ठेवली, आणि लो थोडं पूर्वेला सरकलं. सेंट्रल पार्कमध्ये दहा इंचही भरला नाही, मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला मात्र ३४.५ इंच. माउंट हॉली इथल्या हवामान कार्यालयाचे तेव्हाचे प्रमुख गॅरी शॅटकोव्हस्की यांनी त्या रात्री लोकांची जाहीर माफी मागितली. आमच्यात त्यांचं नाव आजही आदराने घेतात.

आनंद बर्फाचा असला, तरी किनाऱ्यावरच्या लोकांना विसरून चालत नाही. मार्च १९६२ चं वादळ ओळीने पाच भरत्यांपर्यंत हललं नाही, जर्सीच्या किनारी बेटांवरची घरंच्या घरं वाहून गेली. म्हणून आमच्यातला एकजण बर्फाच्या आकड्याआधी भरतीची वेळ सांगतो. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

आदल्या दिवशी दुकानांत दूध-ब्रेडचे कप्पे रिकामे होतात. तेव्हा आम्ही मागच्या अंगणात फळी ठेवतो : पांढरा रंग दिलेला प्लायवूडचा चौरस तुकडा, घरापासून आणि झाडांपासून लांब, शेजारी काठी खोचलेली, नाहीतर बर्फाखाली सापडत नाही. मोजपट्टी इंचाच्या दशांशापर्यंत वाचायची. फळी सहा तासांच्या आत पुसायची नाही, कारण ताजा स्नो स्वतःच्या वजनाने दबतो आणि वारंवार पुसून मोजला की बेरीज फुगते. बर्फ वितळवून पाणीही मोजायचं. एक इंच पाण्याला दहा इंच बर्फ हा ढोबळ हिशेब. किनाऱ्यावरचा ओला बर्फ त्याहून जड भरतो, फावडं उचलताना ते कंबरेला कळतं.

वादळ आलं की पहाटे आधी आवाज ऐकायचा. खिडकीवर टकटक असेल, तर वर कुठेतरी ऊबदार थर घुसलाय आणि बर्फाचे कण गोठलेल्या थेंबांत बदललेत. टकटक थांबून खिडकी मूक झाली, की पाऊस-बर्फाची रेषा पुन्हा आग्नेयेला सरकली. सकाळी सातला आकडा कोकोराझला पाठवायचा. १९९७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला पूर आला, त्यातून १९९८ मध्ये हे नागरिकांचं मोजणीजाळं उभं राहिलं. वादळ चालू असताना माउंट हॉलीलाही कळवायचं. माझा आकडा आणि दोन गावं पलीकडच्या मित्राचा आकडा यांत कधी तीन-तीन इंचांचा फरक पडतो. कोणी कोणाला खोटं पाडत नाही. शिक्षक दोन्ही आकडे नकाशावर लिहितात आणि त्यांच्यामधून पेन्सिलीने रेघ ओढतात : या वेळी सीमा इथे होती.