मेटल डिटेक्टरला चार्जिंगचे सेल चालतात का?

मॉलच्या दारात, देवळाच्या रांगेत सुरक्षारक्षक अंगावरून जो दांडा फिरवतात, तो हातातला मेटल डिटेक्टर बहुधा ९ व्होल्टच्या एका चौकोनी बॅटरीवर चालतो. दांड्यातल्या तारेच्या वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह वाहतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होते. जवळ धातू आला की या क्षेत्रात बदल होतो आणि यंत्र वाजते. बॅटरी मेली तर रांग तशीच पुढे सरकते, दांडा फिरतच राहतो, पण खिशातला चाकू सापडत नाही. म्हणूनच इथे बॅटरीचा प्रश्न नुसत्या खर्चाचा नाही.

साध्या अल्कलाइन ९ व्होल्टच्या बॅटरीत दीड व्होल्टचे सहा छोटे सेल असतात. चार्जिंगच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत मात्र प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा. त्यामुळे आत सहा सेल असतील तर एकूण ७.२ व्होल्ट मिळतात, सात असतील तर ८.४. दुकानात दोन्ही ‘नऊ व्होल्ट’ म्हणूनच विकल्या जातात. वेष्टनावरचा बारीक आकडा वाचून ८.४ व्होल्टची घेतलेली बरी.

हा फरक दिसतो तितका मोठा नाही. अल्कलाइनचा व्होल्टेज पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरतो. चार्जिंगचा सेल बराच काळ १.२च्या आसपास टिकून राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. खरी गोम इथेच आहे. ‘बॅटरी कमी’ दाखवणारा दिवा अल्कलाइनच्या संथ उतारासाठी बेतलेला असेल, तर चार्जिंगच्या बॅटरीवर तो एक तर उगाचच लवकर लागतो, नाही तर यंत्र बंद पडायच्या जरासा आधी. शिवाय क्षमताही कमी. अल्कलाइनमध्ये साधारण ५०० मिलिअँपिअर-तास, तर चार्जिंगच्या बॅटरीत बहुधा २००च्या आसपास. एक वापरात आणि एक चार्जरमध्ये, अशी जोडी ठेवावीच लागते. ठेवून दिलेली साधी निकेल बॅटरी आपोआपही उतरते. ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ प्रकारची महिनोन् महिने चार्ज टिकवते.

यूएसबीवर चार्ज होणाऱ्या लिथियमच्या ९ व्होल्ट बॅटऱ्या आकर्षक वाटतात. पण अनेकींच्या आत ३.७ व्होल्टचा सेल असतो आणि एक छोटे सर्किट त्याचे ९ व्होल्ट करते. हे सर्किट विजेचा गोंगाट करते. धातूची बारीक चाहूल टिपणाऱ्या यंत्राच्या पोटातच तो गोंगाट झाला, तर ते विनाकारण वाजू शकते. वर या बॅटरीचा व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर, म्हणजे दिवा इशारा देईलच असे नाही.

जमिनीतली नाणी शोधणाऱ्या डिटेक्टरांत पेन्सिल सेल असतात. आठ अल्कलाइनचे १२ व्होल्ट होतात, आठ चार्जिंगचे ९.६. म्हणून खोली कमी मिळते असा समज आहे. पण आत व्होल्टेज स्थिर ठेवणारे सर्किट असेल, तर फरक पडत नाही. जुने-नवे सेल मात्र एकत्र घालू नयेत. कमजोर सेल उलटा चार्ज होऊन खराब होतो. आणि साधा अल्कलाइन सेल चार्जरमध्ये घालायचाच नाही, तो गळतो, कधी फुटतोही.

कोणतीही बॅटरी असो, पाळी सुरू होताना दांडा किल्लीच्या जुडग्यावरून एकदा फिरवायचा आणि पाळीच्या मध्ये पुन्हा एकदा.