करड्या चित्रातले आकडे

१९६५ सालच्या जुलैमध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने घेतलेली चित्रे पृथ्वीवर येऊ लागली. चित्रे कसली, आकडेच ते! एका चित्रात २०० ओळी, प्रत्येक ओळीत २०० ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यासाठी ६ बिट, म्हणजे करड्या रंगाच्या ६४ छटा. सेकंदाला जेमतेम सव्वाआठ बिट येत असल्याने एका चित्राला सुमारे आठ तास लागत. तेवढा धीर नसलेल्या अभियंत्यांनी आकड्यांच्या पट्ट्या कागदावर छापल्या, फळ्यावर चिकटवल्या आणि रंगीत खडूंनी रंगवून पहिले चित्र पाहिले! (वर्गातही हा प्रयोग सहज करता येईल.)

पुढे संगणकाने केलेली चित्रे मात्र फिकट होती. त्यांचा उठाव कसा वाढवायचा? समजा, एका चित्रातले सगळे आकडे २० ते ३५ यांच्यातच आहेत. म्हणजे ६४ छटांपैकी फक्त १६ वापरल्या गेल्या. आता प्रत्येक आकड्यातून २० वजा करू, उरलेल्याला ६३ ने गुणू आणि १५ ने भागू. २० चा होईल ०, ३५ चा ६३, तर २३ चा साधारण १३. शेजारच्या दोन छटांतले अंतर चौपटीहून वाढले. डोळ्याला खड्ड्याच्या कडा दिसू लागल्या. पण छटा अजूनही १६च आहेत, हे विसरून चालणार नाही. शिवाय कॅमेऱ्यातले दोष आणि संदेशातली खरखर हीही त्याच प्रमाणात ताणली जाते. उठावदार चित्रातला प्रत्येक डाग मंगळावरचाच असेल असे नाही.

खड्डे मोजायचे तर सावली आणि जमीन वेगळी करायला हवी. कोणती छटा किती वेळा आली याचा आयतालेख काढला की पुष्कळदा दोन टेकड्या दिसतात. मधल्या दरीत एक आकडा उंबरठा म्हणून धरायचा. त्याखालचे सारे सावली. हा उंबरठा नजरेने न ठरवता गणिताने काढण्याची एक सुटसुटीत रीत जपानचे नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडली : प्रत्येक उंबरठा वापरून पाहावा आणि दोन्ही गटांतले आकडे आपापल्या सरासरीच्या जास्तीत जास्त जवळ राहतील तो निवडावा.

तरीही ही रीत कधी फसते. प्रकाश तिरपा आहे. डावीकडे जमीन ३० आणि सावली १०, उजवीकडे जमीन ५० आणि सावली ३२. आता ३२ ला सावली म्हणावे, तर डावीकडची जमीनही सावलीत जाते. कोणताही एकच उंबरठा घेतला तरी अडचण तीच! अशा वेळी प्रत्येक ठिपक्याची तुलना त्याच्या आसपासच्या ठिपक्यांच्या सरासरीशी करतात. आसपास म्हणजे किती ठिपके, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते. तो चौकोन खड्ड्याहून लहान घेतला, तर मोठ्या सावलीच्या मधोमध सगळे शेजारी सावलीतलेच असतात आणि तिथे सावली व जमीन हा भेदच उरत नाही.