डोळ्यांची खाज आणि कपाटातली जुनी बाटली

डोळे चोळणाऱ्या पोराला घरात आधी ऐकावं लागतं, "डोळे आलेत, लांब बस!" पण ॲलर्जी कुणाला लागत नाही. दोन्ही डोळ्यांना सपाटून खाज, पाणी, जोडीला शिंका, ही तिची लक्षणं. संसर्गात चिकटा आणि टोचणी जास्त असते, बरेचदा आधी एकच डोळा धरतो. ॲलर्जीत जंतूच नसतात, मग अँटिबायोटिक थेंब मारणार कुणाला?

"मागच्या वेळी ज्या थेंबांनी झटक्यात बरं वाटलं, तेच आणा." सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. झटक्यात गुण देणाऱ्या त्या बाटलीत बरेचदा स्टिरॉइड असतं. लेबल वाचा: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन. अँटिबायोटिकच्या जोडीनेही ते येतं, म्हणून नाव पटकन नजरेत भरत नाही. महिनोन्‌महिने घातल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. दाब बहुधा दुखत नाही, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. स्टिरॉइड विष आहे असं नव्हे. मुलांच्या तीव्र ॲलर्जीत डॉक्टर ते देतात, पण मोजके दिवस आणि दाब तपासत. मेडिकलवाल्याला तो दाब तपासता येत नाही.

लाली घालवणाऱ्या नॅफाझोलिनने रक्तवाहिन्या आकसतात, डोळा पांढराशुभ्र दिसतो. रोज घातलं की लाली उलटून येते. गुलाबपाणी थंड वाटतं, पण घरातली बाटली निर्जंतुक नसते. त्यापेक्षा गार पाण्याची घडी बरी.

साध्या खाजेवर डॉक्टर बहुधा ओलोपॅटाडिन किंवा केटोटिफेन देतात. ही औषधं खाज आणणाऱ्या हिस्टामिनला अडवतात आणि ते सोडणाऱ्या पेशींनाही आवरतात. ओलोपॅटाडिन 0.1 टक्का दिवसातून दोनदा, 0.2 टक्के एकदाच. क्रोमोग्लिकेट या औषधाला मात्र गुण यायला काही दिवस लागतात. लोक तिसऱ्या दिवशीच ते सोडून देतात.

"दोन-तीन थेंब जास्त घातले तर लवकर बरं." डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, उरलेला गालावर. एक घाला, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. लेन्स आधी काढा, पंधरा मिनिटांनी लावा. आणि चोळू नका: चोळल्याने त्याच पेशी आणखी हिस्टामिन सोडतात, वर्षानुवर्षं चोळणाऱ्यांचं बुबुळ पुढे टोकदार होऊ शकतं.

दुखणं, उजेड सहन न होणं किंवा अंधुक दिसणं सुरू झालं, तर थेंब निवडत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.