न्यू यॉर्क शहरातील सार्वजनिक माध्यमिक शाळांचे प्रवेश

अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरात चारशेहून अधिक सार्वजनिक माध्यमिक शाळा असून त्यांत नववी ते बारावीचे शिक्षण विनामूल्य मिळते. बहुतेक शाळांचे प्रवेश शहरभरातील विद्यार्थ्यांना खुले असतात. निवडीचे स्वातंत्र्य असूनही या शाळांमधील वांशिक विभागणी मिटलेली नाही.

प्रवेशपद्धती

आठवीतील विद्यार्थी पसंतीक्रमानुसार शाळांची यादी देतात. जुन्या पद्धतीत एकाच विद्यार्थ्याला अनेक शाळांत जागा मिळे, तर सुमारे ३०,००० विद्यार्थ्यांना त्यांनी न मागितलेल्या शाळेत जावे लागे. २००३ मध्ये अर्थतज्ज्ञ ॲल्विन रॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने नवी पद्धत तयार झाली. तीत विद्यार्थी व शाळा या दोहोंचे क्रम संगणकाद्वारे जुळवून प्रत्येकाला एकच जागा दिली जाते. मात्र संगणक केवळ क्रम जुळवतो. शाळेने कोणाला अग्रक्रम द्यावा, हे शाळेचे निकष ठरवतात. काही शाळा गुण पाहतात, काही परिसरातील मुलांना प्राधान्य देतात, तर काही वेगवेगळ्या गुणवत्ता-गटांतून ठरावीक प्रमाणात विद्यार्थी घेतात.

विशेष शाळा

स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक यांसह आठ विशेष शाळांचे प्रवेश एकाच लेखी परीक्षेवर होतात. पहिल्या तीन शाळांसाठी ही अट राज्याच्या १९७१ च्या कायद्याने घातली आहे. लाग्वार्डिया ही नववी विशेष शाळा कलाचाचणीद्वारे प्रवेश देते.

वाद

२०१९ मध्ये स्टायव्हेसंटच्या ८९५ जागांपैकी केवळ ७ जागा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मिळाल्या. शहरातील सार्वजनिक शाळांत मात्र कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थी मिळून सुमारे दोन-तृतीयांश होते. महापौर बिल डी ब्लासिओ यांनी २०१८ मध्ये परीक्षा रद्द करून प्रत्येक शाळेतील अग्रणी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा प्रस्ताव मांडला. या शाळांत आशियाई वंशाचे विद्यार्थी बहुसंख्य असून त्यांतील अनेक अल्प उत्पन्नाच्या स्थलांतरित कुटुंबांतील आहेत. परीक्षा हाच आपल्या मुलांपुढील निःपक्षपाती मार्ग आहे, असे सांगत अनेक आशियाई पालकांनी प्रस्तावाला विरोध केला. परीक्षेची तयारी व तिची माहिती सर्वांना सारखी मिळत नाही, हा समर्थकांचा मुद्दा होता. राज्य विधिमंडळाने प्रस्ताव संमत केला नाही व परीक्षा कायम राहिली. शहराने मात्र ‘डिस्कव्हरी’ योजनेचा विस्तार केला. परीक्षेत थोडक्यात मागे राहिलेल्या वंचित विद्यार्थ्यांना या योजनेतून उन्हाळी वर्ग पूर्ण केल्यावर प्रवेश मिळतो.